रोजचा रतीब: मालिका लिहू पाहणाऱ्यांचे प्रश्न

मी अठरा वर्षं मालिका लिहिते आहे. त्यातली अकरा वर्षं गोरेगावातल्या भाड्याच्या खोल्यांत गेली, पुढची सांगलीत, विश्रामबागेतल्या घरी. या कामाबद्दल विचारणारी पत्रं सांगली-सातारा जिल्ह्यांतून मला नेहमी येतात. त्यातल्या काहींना इथे उत्तरं देते. पत्र लिहिणाऱ्यांची नावं मुद्दामच छापलेली नाहीत, कारण काहींनी घरी अजून सांगितलेलं नाही.

विट्याहून एक विद्यार्थी (बी.ए., शेवटचं वर्ष): मला मालिका लिहायच्या आहेत. पण नावं येतात तेव्हा कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची आणि संवाद तिसऱ्याचे असतात. नेमकं कोण काय करतं? मी सुरुवात कुठून करू?

कथा लिहिणारा मालिकेची दिशा ठरवतो. माणसं कोण, त्यांच्यात तेढ कशावरून, पुढच्या दोन-तीन महिन्यांत काय काय घडणार, हे त्याचं काम. अशा एका लांब घडामोडीला आम्ही ‘ट्रॅक’ म्हणतो. चॅनेलनं ट्रॅक मान्य केला की पटकथाकार त्याचे रोजचे भाग पाडतो. एका भागात साधारण पाच ते सात सीन असतात. प्रत्येक सीनमध्ये कोण येतं, कशासाठी येतं, काय होऊन बाहेर पडतं आणि भाग कुठे थांबला म्हणजे माणूस उद्या पुन्हा टीव्हीसमोर बसेल, हे सगळं तो ठरवतो. आधी प्रत्येक सीन एकदोन ओळींत मांडतात, ती ‘वन लाइन’. ती पास झाली की सविस्तर पटकथा आणि मग संवाद. सेटवर कलाकाराच्या हातात जी पानं पडतात ती संवादलेखकाची.

ही विभागणी नीट समजावी म्हणून मी विद्यार्थ्यांना आपल्याच गावातली गोष्ट सांगते. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ उभं केलं, तेव्हा पदं रचलेली होती आणि सूत्रधार ती गायचा. मधलं गद्य बोलणं मात्र नट आयत्या वेळी करायचे. म्हणजे प्रसंगांची बांधणी लेखकाकडे होती आणि बोलणं नटाकडे. बांधणी आणि बोलणं या दोन कला आहेत, हे त्यावरून कळतं. तुमचा कल कुठे आहे हे आधी ओळखा. काही मुलांना माणसं बोलताना ऐकू येतात, पण गोष्ट पुढे नेता येत नाही. काहींना घटना सुचतात, पण त्यांची सगळी माणसं एकसारखीच बोलतात. माझा अनुभव असा की बांधणी पक्की असेल तर मध्यम संवादांवरही भाग तरून जातो. बांधणी ढिली असेल तर सुंदर वाक्यांनी तो सावरत नाही.

सुरुवातीसाठी एक व्यायाम सांगते. तुम्हाला आवडणाऱ्या मालिकेचे वीस भाग घ्या. एकेक सीन बघा, थांबवा आणि वहीत तीन गोष्टी लिहा: सीनमध्ये येणाऱ्याला काय हवं होतं, ते मिळालं का, आणि सीन संपताना कुणाची बाजू वर होती. वीस भागांचे सव्वाशेच्या आसपास सीन होतील. कंटाळा येईल, तरीही पुरे करा. शेवटच्या पाच भागांपर्यंत पुढचा सीन काय असणार हे तुम्हाला आधीच कळू लागेल. तिथे तुमचं शिक्षण सुरू झालं असं समजा.

दुसरं, एकांकिका लिहा आणि बसवा. राज्य नाट्य स्पर्धेत आणि महाविद्यालयीन स्पर्धांमध्ये शिरा, मग काम पडदा ओढायचं मिळालं तरी चालेल. प्रेक्षक कुठल्या वाक्याला चुळबुळतो हे कागदावर कळत नाही, ते अंधारात उभं राहून ऐकावं लागतं. रीतसर शिकायचं असेल तर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये पटकथालेखनाचा अभ्यासक्रम आहे. ते परवडत नसेल तर सांगलीतली एखादी नाट्यसंस्था धरा. बहुतेकांचा या व्यवसायात प्रवेश कुणा जुन्या लेखकाचा मदतनीस म्हणूनच होतो. माझाही तसाच झाला. वर्षभर मी दुसऱ्याच्या वन लाइनवर सीन लिहीत होते आणि माझं नाव कुठेच नव्हतं.

काम मागायला जाताना दोनशे पानांची कादंबरी नेऊ नका. एका पानात कल्पना, दोन पानांत मुख्य माणसं आणि पूर्ण लिहिलेले दोन सीन एवढंच न्या. वाचणाऱ्याकडे दहा मिनिटं असतात.

आणि विट्यापासून आटपाडी फार लांब नाही. तिथल्या माडगुळ्याचे ग. दि. माडगूळकर गीतांमुळे घराघरांत आहेत, पण ते मोठे पटकथाकारही होते. १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’चं लेखन त्यांचं. आपल्या भागातला माणूस इथवर पोहोचतो का, ही शंका तुमच्या पत्रात ओळीओळींत दिसते, म्हणून हे सांगितलं.

साताऱ्याहून एक शिक्षिका: दोन वर्षांपूर्वी मुंबईत एका निर्मिती संस्थेच्या कार्यालयात मी मालिकेची कल्पना सांगितली. त्यांनी चहा पाजला, कौतुक केलं आणि नंतर काही कळवलं नाही. आता दुसऱ्याच नावानं तशीच मालिका येतेय. प्रोमो बघून मला झोप लागत नाही. मी काय करू शकते?

बाई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आधी कायद्याची बाजू सांगते, कारण तीच तुम्हाला कुणी सांगितलेली दिसत नाही.

नुसत्या कल्पनेवर कुणाची मालकी नसते. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ साली एका नाटकाच्या आणि चित्रपटाच्या वादात हे स्पष्ट केलं. विषय, कल्पना, ऐतिहासिक घटना यांवर कॉपीराइट नाही. ती कल्पना तुम्ही ज्या विशिष्ट मांडणीत उतरवली, त्या मांडणीवर आहे. ‘विधवा सून सासऱ्याचा कारखाना चालवते’ ही कल्पना झाली. तीच सून पहिल्या दिवशी वजनकाट्यावरची चोरी पकडते, त्यात तिचाच दीर सापडतो, आणि ती सासऱ्यापासून ते लपवते, अशी माणसं आणि घटनांची साखळी लिहून काढली की ती तुमची मांडणी झाली.

याला दुसरी बाजूही आहे. २००३ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे अगदी मालिकेच्या कल्पनेचाच खटला आला होता. एका संस्थेनं आपली कल्पना लेखी टिपणासह विश्वासानं एका वाहिनीला सांगितली होती आणि पुढे तशीच मालिका आली. न्यायालयानं कल्पना मांडणाऱ्यांची बाजू उचलून धरली. कामासाठी, विश्वासानं सांगितलेली पुरेशी तपशीलवार कल्पना परस्पर वापरणं हा विश्वासभंग ठरू शकतो. पण त्या लोकांकडे कागद होता.

म्हणून तुम्हाला माझा पहिला प्रश्न असा, की त्या भेटीचा तुमच्याकडे कुठला पुरावा आहे? भेटीची वेळ ठरवणारा निरोप, ईमेल, व्हॉट्सअॅपवर नंतर पाठवलेलं ‘आज भेटून आनंद झाला’, असं काहीही चालेल. ते सगळं तारखांसह एकत्र करा. त्या दिवशी काय सांगितलं ते आठवेल तसं आजच लिहून ठेवा. मग मालिका सुरू होऊ द्या. पहिले पंधरा भाग बघा आणि सारखेपणा विषयात आहे की घटनांच्या क्रमात, हे प्रामाणिकपणे टिपा. प्रोमोवरून काही ठरवू नका. एकाच वर्षात तीन वाहिन्यांवर सारख्या कल्पना आलेल्या मी पाहिल्या आहेत आणि तिथे कुणी कुणाचं चोरलेलं नव्हतं. सारखेपणा घटनांमध्ये असेल तर कॉपीराइटचं काम करणाऱ्या वकिलाला भेटा. पुरावा फक्त तुमच्या आठवणीत असेल, तर खरं सांगते, ही लढाई जिंकणं फार अवघड आहे. हे लिहिताना मला बरं वाटत नाही.

इतरांनी यातून घ्यायचं ते असं. कल्पना तोंडी सांगायला जाण्याआधी ती लिहून काढा. मुंबईतल्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घ्या. तिथे घरबसल्या ऑनलाइन नोंदणी करता येते आणि अमुक तारखेला हे लेखन तुमच्याकडे होतं याचा शिक्का मिळतो. सभासदांचे वाद ऐकायला त्यांची समितीही आहे. भेटीनंतर त्याच संध्याकाळी एक साधा ईमेल पाठवा: ‘आज आपल्याला अमुक नावाची कल्पना ऐकवली, टिपण सोबत जोडलं आहे.’ यात भांडण नाही, अविश्वासही नाही. आपण जमीन घेताना सातबारा बघतो, म्हणून विकणाऱ्याला चोर म्हणत नाही.

करार समोर आला की तो घरी आणून वाचा. आपल्या कॉपीराइट कायद्यातल्या काही गोष्टी लेखकाच्या बाजूच्या आहेत आणि लेखकांनाच माहीत नसतात. हक्क किती काळासाठी दिले हे करारात नसेल तर ते पाच वर्षांचे धरले जातात. कुठल्या प्रदेशासाठी हे नसेल तर फक्त भारतापुरते. हक्क घेणाऱ्यानं वर्षभरात ते वापरले नाहीत तर, करारात वेगळं लिहिलेलं नसल्यास, ते तुमच्याकडे परत येतात. म्हणूनच करारात ‘जगभरासाठी’, ‘कायमचे’, ‘न वापरले तरी’ असे शब्द घातलेले असतात. ते शब्द शोधा आणि त्यांवर बोला. २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटगृहाबाहेरच्या वापरासाठी लेखकाला मिळायच्या रॉयल्टीतला वाटा लेखकाला सोडून देता येत नाही, करारात तसं लिहून घेतलं तरी. मालिका लिहिणाऱ्याच्या हातात तो पैसा प्रत्यक्ष पडणं अजून दुर्मीळ आहे, पण हक्क कायद्यात आहे आणि तो मागत राहिलं पाहिजे.

कऱ्हाडहून एक वडील: मुलगी इंजिनिअर आहे, पुण्यात चांगली नोकरी आहे. ती सोडून मालिका लिहायला मुंबईला जाते म्हणते. मी विरोधात नाही, पण यात पोट भरतं का? तब्येतीचं काय?

दादा, पोट भरतं. पण पगारासारखं भरत नाही.

मालिकेच्या लेखकाला भागाप्रमाणे पैसे मिळतात. सोमवार ते शनिवार चालणारी मालिका म्हटली की महिन्याला सव्वीस भाग. प्रत्येक भागाचा दर लेखकाच्या नावावर आणि वाहिनीवर ठरतो. पैसे मात्र भाग दाखवल्यावर साधारण नव्वद दिवसांनी येतात. म्हणजे आज काम लागलं तर पहिले चार महिने मुलीला घरभाडं आपल्या खिशातून भरावं लागेल. आलेल्या पैशांतून १० टक्के टीडीएस आधीच कापलेला असतो. वर्षाची जमा २० लाखांवर गेली की जीएसटीची नोंदणी करावी लागते. हे सांभाळायला तिला कर सल्लागार लागेल आणि तो पहिल्या वर्षापासून असावा.

आता खरी जोखीम. मालिका बंद व्हायची असते तेव्हा लेखकाला दोन-तीन आठवडे आधी कळतं, कधी त्याहून कमी. माझ्या तिसऱ्या कामात एका निर्मिती संस्थेनं मालिका अर्ध्यावर थांबवली आणि माझे दोन महिन्यांचे पैसे बुडाले. लेखी करार नव्हता. ‘घरचंच आहे’ म्हणाले आणि मी मानलं. वर्षभर फोन केले. त्या पैशांतून आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन करायचं होतं, ते पुढे ढकलावं लागलं. तेव्हापासून करारात दोन वाक्यं असल्याशिवाय मी एक सीनही देत नाही: काम थांबवायचं तर किती दिवस आधी कळवणार, आणि लिहून दिलेला पण न दाखवलेला भाग असेल तर त्याचे किती पैसे देणार.

तब्येतीचं विचारलंत, तेही सांगते. मालिकेला ‘बँक’ लागते, म्हणजे दाखवायच्या आधी तयार असलेल्या भागांचा साठा. दहा दिवसांची बँक असली तर सगळे सुखात असतात. पण रेटिंग खाली येतं, कलाकार आजारी पडतो, चॅनेलला ट्रॅक बदलायचा असतो, आणि बँक दोन दिवसांवर येते. मग रात्री अकराला फोन येतो की उद्या सकाळी नऊच्या शिफ्टला नवे सीन हवेत. माझे वडील मिरजेच्या दवाखान्यात ऑक्सिजनवर होते तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसून एका आजोबांच्या पंचाहत्तरीचा सीन लिहीत होते. नातवंडं त्यांना ओवाळतात, ते थट्टा करतात, सगळं घर हसतं. तो सीन मी वेळेत दिला. नंतर लोकांना तो फार आवडला. वडील त्याच आठवड्यात गेले आणि तो भाग मी आजवर पाहिलेला नाही.

मुलीला अडवू नका. पण तिनं नोकरी लगेच सोडू नये. संध्याकाळी आणि सुट्टीत वर्षभर लिहावं, एखाद्या लेखकाकडे सीन लिहून द्यावेत. आठ महिन्यांचा खर्च बाजूला पडला की मग निघावं. आणि पहिल्या दोन करारांचे कागद तुम्ही स्वतः वाचा. तुम्ही सोसायटीचे कागद आयुष्यभर वाचत आलात, हे त्याहून कठीण नाही.

मिरजेहून एक गृहिणी: मालिका सुरुवातीला छान असतात, मग इतक्या का ताणतात? लिहिणाऱ्यांना कळत नाही का?

कळतं. आणि खरं सांगायचं तर ताणायला आम्हालाही नको असतं.

दूरदर्शनच्या काळात मालिका आठवड्याला एकदा यायची आणि बहुतेकदा तेरा भागांची मंजुरी असायची. लेखकाला शेवट ठाऊक असे. रोजच्या मालिकेत शेवटाची तारीखच ठरलेली नसते. ‘चार दिवस सासूचे’ तीन हजारांहून जास्त भाग चालली. दर गुरुवारी आदल्या आठवड्याचे रेटिंगचे आकडे येतात. ज्या ट्रॅकवर आकडा चढला तो थांबवायचं धाडस कुणी करत नाही, आणि पडला तो दोन दिवसांत गुंडाळावा लागतो. म्हणून तुम्हाला एक गोष्ट महिनाभर चालताना दिसते आणि दुसरी एका भागात नाहीशी होते.

शिवाय अर्ध्या तासात जाहिराती वगळून गोष्टीला बावीस मिनिटांच्या आसपास मिळतात. त्यातही मागच्या भागाची उजळणी असते. मुख्य कलाकार चार दिवस रजेवर असला तर त्याच्याशिवाय चार भाग काढावे लागतात. अशा वेळी एका सीनचे तीन होतात.

पण सगळं आकड्यांवर ढकलणं बरोबर नाही. ताण पडतो तो बऱ्याचदा आमच्याकडून दुसरी फळी उभी न राहिल्यामुळे. नायक-नायिकेच्या सोबतीला ज्या आत्या, दीर, शेजारणी असतात, त्यांना स्वतःची गरज, स्वतःचं दुःख दिलेलं असेल तर मुख्य गोष्ट विसाव्याला थांबू शकते आणि तुम्हाला कंटाळा येत नाही. आत्याला फक्त कान भरायला ठेवलं असेल तर महिनाभर ती कानच भरत बसते. हा दोष लेखकाचा आहे.

कोरेगाव तालुक्यातून एक शेतकरी: आमच्याकडे शूटिंगला माणसं येतात, घरं आमची, शेतं आमची. पण मालिकेतली भाषा आमची वाटत नाही. असं का?

कारण त्या भाषेला तुमच्या बोलण्यातले शेवटचे शब्द लावलेत, तुमची वाक्यं घेतलेली नाहीत.

२०१७ नंतर साताऱ्याच्या आसपास मालिकांचे मुक्काम वाढले, मोकळ्या जागा आणि वाडे मिळतात म्हणून. गोष्टही गावाकडची हवी असते. पण पानं बऱ्याचदा मुंबईत लिहिली जातात. लेखक आधी प्रमाण मराठीत वाक्य करतो आणि मग ‘आहे’च्या जागी ‘हाय’ आणि ‘नाही’च्या जागी ‘न्हाय’ घालतो. ‘मला तुझ्या वागण्याचा अर्थ समजत न्हाय’ असं आपल्याकडे कोण बोलतं? आपल्याकडे माणूस म्हणेल, ‘तुजं काय चाललंय तरी काय?’ किंवा काहीच म्हणणार नाही, पान लावत बसेल. ग्रामीण बोलीतली निम्मी ताकद न बोलण्यात आहे. नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नाहीत, राग आला की तिसऱ्याला उद्देशून बोलतात, मोठ्याला नकार द्यायचा तर ‘बघू की’ म्हणतात. हे जो ऐकतो त्याला ‘हाय-न्हाय’ची फार गरज पडत नाही.

चॅनेलचीही अडचण समजून घ्या. तीच मालिका नागपुरात आणि ठाण्यातही बघतात. ‘वाईच थांब’मधला ‘वाईच’ किंवा ‘जित्राब’ हा शब्द कळेल का, असं मला कितीदा विचारलं गेलंय. मी एक तोड काढली आहे. अनोळखी शब्द कृतीबरोबर ठेवायचा. बाई गोठ्याकडे बघत ‘जित्राबं उपाशी हायती’ म्हणाली की विदर्भातल्या माणसालाही कळतं. शब्द वाचतो आणि वादही होत नाही.

आपली बोली तरी कुठे एक आहे? शिराळ्याकडचं बोलणं वेगळं, जतचं वेगळं. जतला तर एका घरात मराठी आणि कानडी दोन्ही चालतात. माझी विनंती अशी की शूटिंगवाले आले की त्यांच्या सहायक दिग्दर्शकाला सांगा, ‘हे आम्ही असं म्हणतो.’ बहुतेक जण ऐकतात. माझ्या एका मालिकेत कोंबड्या डालायला आलेल्या आजींनी सांगितलेलं वाक्य कलाकारानं तसंच घेतलं होतं, आणि त्या भागातलं सगळ्यात खरं वाक्य तेच होतं.

फलटणहून: मुंबईत राहायलाच हवं का? पहिली दोन-तीन वर्षं हो. माणसं ओळखावी लागतात, सेट बघावा लागतो, कॅमेऱ्यासमोर आपलं वाक्य कसं अडखळतं ते पाहावं लागतं. त्यानंतर फोन, इंटरनेट आणि युनिकोडमध्ये वेगानं टाइप करणारा हात असला की फलटणहूनही चालतं. मोठ्या बैठकीला रात्रीची गाडी धरायची तयारी ठेवा.

सांगलीहून: वय बावन्न. आता उशीर झाला का? संवादलेखनासाठी अजिबात नाही. तीस वर्षं घर चालवलेल्या बाईनं लिहिलेलं भांडण बावीस वर्षांच्या मुलाला लिहिता येत नाही. रोजचा रतीब घालण्याची ताकद किती आहे हे मात्र आधी तपासा. सलग महिनाभर रोज दोन सीन लिहून बघा.

वाळवा तालुक्यातून एक तरुण: सोबत माझा एक सीन पाठवतो. खरं मत द्या.

तुमच्या सीनमध्ये मुलानं आदल्या दिवशी म्हैस विकली आहे. आईचं वाक्य असं: ‘अरे बाळा, तुला ठाऊक आहे ना, ही म्हैस तुझ्या वडिलांनी सात वर्षांपूर्वी सोसायटीचं कर्ज काढून आणली होती. ते गेल्यापासून हिच्या दुधावर आपलं घर चाललं. काल तू तिला विकलंस! माझ्या काळजाचा तुकडा गेला रे!’ त्यावर मुलगा म्हणतो, ‘आई, ताईच्या लग्नाचं कर्ज फेडायचं आहे. मलाही वाईट वाटतंय.’

प्रसंग अस्सल आहे. तुम्ही तो पाहिलेला आहे, हे जाणवतं. पण दोघं एकमेकांना ठाऊक असलेल्याच गोष्टी सांगताहेत, म्हणजे ते प्रेक्षकाशी बोलताहेत. शिवाय आईनं ‘काळजाचा तुकडा’ म्हटल्यावर कलाकाराला करायला काही उरत नाही. मी आधी विचारेन, या सकाळी आईला काय हवंय? म्हैस परत येणार नाही हे तिला कळतं. मग हात कशात गुंतलाय? मी तो असा लिहीन:

सीन ३. गोठा. बाहेर. पहाट.
(दावं रिकामं. आई पाटीत पेंड कालवतेय. मुलगा दारातून येतो, थबकतो.)
मुलगा: आई... कुणाला कालवतीयास?
(आईचा हात थांबतो. ती पाटीकडे बघते.)
आई: शेजारच्या गाईला घाल जा. फुकट जायाला नको.
(मुलगा पाटी उचलतो. जाता जाता थांबतो.)
मुलगा: गिऱ्हाईक चांगलं हाय. आष्ट्याचं. वैरण बक्कळ हाय त्यांच्यात.
आई: पाठीवर हात फिरवल्याबिगार ती पान्हा सोडत न्हाय. सांगितलंस का त्यास्नी?
(मुलगा गप्प.)
आई: फोन कर. धारंची येळ झालीया.

वडील, कर्ज, ताईचं लग्न यांतलं काहीच इथे आलं नाही, आणि यायचं कारणही नाही. सोसायटीचा माणूस दारात येईल त्या सीनला ते आपोआप येईल, कारण तिथे ते माहीत नसलेला कुणीतरी असेल.

आता पुढचा सीन तुम्ही लिहून पाठवा. मुलगा फोन लावतो. पलीकडून आष्ट्याचा माणूस सांगतो की म्हशीनं सकाळपासून पान्हा सोडलेला नाही, आणि निम्मे पैसे द्यायचे राहिलेत ते तो आता देणार नाही म्हणतो. आई दोन हातांच्या अंतरावर उभी आहे आणि तिला फक्त मुलाची बाजू ऐकू येते. दोन पानांच्या वर जाऊ नका. आईला एकच वाक्य द्या.